मराठी नावाचे कताकाना स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे येते, त्याची कारणे आणि दुरुस्ती

जपानमध्ये नव्याने नोकरीला लागलेल्या मराठी माणसांकडून एक तक्रार वारंवार येते. पगाराचा दिवस उलटून जातो, खात्यात पैसे दिसत नाहीत, आणि कंपनीच्या लेखा विभागात चौकशी केली की ‘खातेदाराचे नाव जुळले नाही, म्हणून बँकेने रक्कम परत पाठवली’ असे उत्तर मिळते. हीच अडचण पुढे क्रेडिट कार्डाला खाते जोडताना येते आणि मोबाइलचे बिल खात्यातून परस्पर वळते करण्याची नोंदणी करतानाही येते. पासपोर्टवरचे रोमन नाव सगळीकडे सारखेच दिलेले असते. फरक असतो तो त्याच्या कताकाना रूपात (कताकाना म्हणजे परकीय नावे लिहायची जपानी लिपी, आणि तिच्यातले एकेक अक्षर म्हणजे काना), म्हणजे अर्जातल्या ‘फुरिगाना’ या उच्चाराच्या रकान्यात, आणि जपानी बँकांमधले पैशांचे हस्तांतरण याच काना-नावावर चालते.

पुढील उदाहरणांत काना अक्षरे देवनागरीतच, मध्ये संयोगचिन्ह घालून दाखवली आहेत. स्वर लांबवण्याची आडवी रेघ, जिला जपानीत चो-ओनपु म्हणतात, ती अवग्रहाने (ऽ) दाखवली आहे. त्यामुळे जो-शि आणि जो-ऽ-शि-ऽ ही ‘जोशी’ या एकाच आडनावाची दोन वेगवेगळी स्पेलिंगे ठरतात. आपल्या दृष्टीने तो केवळ ऱ्हस्वदीर्घाचा फरक असला, तरी बँकेच्या संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे आहेत.

आधी तफावत नेमकी कोठे आहे ते पाहावे

बँकेचे पासबुक किंवा ॲपमधील खातेदाराचे नाव, कंपनीच्या पगार प्रणालीतील नोंद, पेन्शनचे कागद आणि वॉर्ड कार्यालयाच्या म्हणजे कुयाकुशोच्या रहिवासी नोंदीतील फुरिगाना, एवढे चार कागद शेजारी ठेवून एकेक काना ताडून पाहावा. रेसिडेन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र, यात उपयोगी पडत नाही, कारण त्यावर नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत, आडनाव आधी अशा क्रमाने असते आणि त्याचा उच्चार कोठेही दिलेला नसतो. मुळात गोंधळ सुरू होतो तो येथूनच. ओळखीच्या कागदावर उच्चार नसल्यामुळे ज्या खिडकीवर आपण उभे असतो, तेथील कर्मचारी रोमन अक्षरे पाहून स्वतःच्या अंदाजाने काना लिहितो किंवा लिहायला सांगतो, आणि प्रत्येक खिडकीवरचा अंदाज निराळा असतो.

या अंदाजांत एक ठरावीक साचा आढळतो. कर्मचारी रोमन नाव एक तर रोमाजीसारखे, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या जपानीसारखे, वाचतो, नाही तर इंग्रजीसारखे. रोमाजीसारखे वाचले तर आपले बहुधा बरे चालते, कारण स्वरांचे मूल्य मराठीच्या जवळचे आहे. दाते हे आडनाव तर जपानी माणूस न अडखळता अचूक वाचतो, कारण सेंदाईच्या दाते मासामुने या सरदाराचे घराणे तिथे सर्वांना ठाऊक आहे आणि रोमन लिपीत दोन्हींचे स्पेलिंग एकच होते. इंग्रजीसारखे वाचले की मात्र मोरे यांचे ‘मो-आ’, काळे यांचे ‘के-ऽ-रु’ आणि माने यांचे ‘मे-इ-न’ होते. सर्वांत जास्त घोटाळा टी आणि एच या जोडीचा होतो. आपण ती ठ किंवा थ यासाठी वापरतो, पण इंग्रजी शिकलेला जपानी माणूस तिथे ‘स’ची ओळ, म्हणजे सा, शि, सु, से, सो हे काना, वापरतो. म्हणून साठे यांचे ‘सा-से’, राठोड यांचे ‘रा-सो-दो’ आणि सिद्धार्थचे ‘शि-दा-ऽ-सु’ झालेले आढळते. महाप्राण जपानीत नाहीतच, तेव्हा ठ आणि थ या दोहोंसाठी सरळ ‘त’ची ओळ घ्यावी: सा-ते, रा-तो-दो. भ, ध, घ यांतला रोमन एच कोणी वेगळा ‘हि’ किंवा ‘फु’ म्हणून लिहिला असेल, तर तोही काढून टाकायला सांगावा. अभिजितमध्ये ‘आ-बि’ पुरते, ‘आ-बु-हि’ नको.

जपानी लिपीत जे मावत नाही

दुसरे कारण लिपीच्या घडणीत आहे. काना लिपीत ‘न’ वगळता सुटे व्यंजन नाही, म्हणून शब्दाच्या शेवटचे व्यंजन स्वर घेऊनच येते. क, ल, म, स यांना ‘उ’ लागतो, ट, त, ड, द यांना ‘ओ’ लागतो, च आणि ज यांना ‘इ’ लागतो, आणि श चा ‘श्यु’ होतो. कुलकर्णींचे कु-रु-का-रु-नि आणि गणेशचे गा-ने-श्यु हे या नियमानुसारच होते. ल, ळ आणि र हे तिन्ही एकाच ‘रा’च्या ओळीत जातात. ण आणि न यांच्यात भेद राहत नाही. येथे वाद घालण्यात अर्थ नाही, कारण निवडीला जागाच नाही.

निवडीला जागा आहे ती तीन ठिकाणी, आणि तफावतही बहुतेक वेळा तिथेच सापडते.

पहिली जागा दीर्घ स्वराची. पाटील हे नाव उच्चाराला धरून लिहिले तर पा-ऽ-टि-ऽ-रु होते, पासपोर्टवरच्या रोमन अक्षरांना धरून लिहिले तर पा-टि-रु होते, आणि अंदाजाने लिहिणारा पा-टि-ऽ-रु लिहितो. भारतीय नावांबद्दल काटेकोरपणे लिहिणारे अभ्यासक पहिले रूप वापरतात, पण रोजच्या व्यवहारासाठी मी रेघेशिवायचेच रूप सुचवतो. रोमन नाव पाहून दहापैकी बहुतेक कर्मचारी स्वतःहून तेच लिहितील, आणि आपण समोर नसताना कोणी तरी आपले नाव भरण्याचे प्रसंग जपानमध्ये कमी नसतात. याला थोडे अपवाद आहेत. शिंदे यांचे रेघेशिवायचे रूप शि-न-दे असे होते आणि ते ‘मरणे’ या जपानी क्रियापदाच्या एका नेहमीच्या रूपासारखे ऐकू येते. रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात या नावाने पुकारा होणे कोणालाच रुचत नाही, त्यामुळे तेथे शेवटी रेघ देऊन शि-न-दे-ऽ लिहावे आणि मग ते सगळीकडे तसेच ठेवावे.

दुसरी जागा व ची. विनायकचा पहिला काना ‘वि’, ‘बि’ किंवा ‘उ’पुढे आकाराने छोटा ‘इ’ असा तीन प्रकारे लिहिता येतो. परकीय शब्दांच्या लेखनाबाबत जपानच्या मंत्रिमंडळाने जून १९९१ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत दोन तक्ते आहेत. पहिल्यात सर्वसाधारण वापराची अक्षरे आहेत, आणि मूळ उच्चाराच्या अधिक जवळ जायचे असल्यास वापरायची अक्षरे दुसऱ्यात आहेत. ‘टि’, ‘दि’, ‘शे’, ‘जे’, ‘फा’ पहिल्या तक्त्यात आहेत, तर ‘उ’वर दोन टिंबे देऊन होणारा ‘वु’ आणि त्याचे सगळे कुटुंब दुसऱ्यात आहे. जपानी भाषिकाच्या तोंडी ‘वि’ आणि ‘बि’ बहुधा सारखेच येतात. शिवाय २०१९ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने देशांच्या अधिकृत नावांतूनही ‘वु’ काढून तिथे ‘ब’ची ओळ आणली. त्यामुळे वि आणि वे साठी ‘ब’ची ओळ आणि वा साठी साधा ‘वा’ घ्यावा, असे माझे मत आहे. फोनवर नाव सांगताना दर वेळी ‘उ-नि-तेन्तेन’, म्हणजे ‘उ’वर टिंबे, असे समजावण्याचे कष्ट तरी वाचतात. तुषारच्या बाबतीत मात्र दुसऱ्या तक्त्यातला ‘तु’, म्हणजे ‘तो’पुढे छोटा ‘उ’, घ्यावाच, कारण एरवी नाव ‘त्सुशार’ असे होऊन बसते.

येथे मराठी माणसाला जपानी लिपी एक सोय देते, जी हिंदी भाषिकाला लागत नाही. आपल्याकडे ‘चाफा’ आणि ‘चिमणी’ यांतले च वेगळे आहेत, ‘जाड’ आणि ‘जीव’ यांतले ज वेगळे आहेत, आणि जपानीत या दोन्ही जोड्यांना स्वतंत्र काना मिळतात. चाफेकरांना ‘त्सु’पुढे छोटा ‘आ’ लिहून आपला च तंतोतंत मिळवता येतो. जाधवांना ‘सा’वर दोन टिंबे देऊन होणारा काना घेता येतो, जो शब्दारंभी आपल्या ‘जाड’मधल्या ज च्या अगदी जवळ जातो. उच्चाराच्या दृष्टीने हे उत्तम आहे. व्यवहाराच्या दृष्टीने नाही, कारण रोमन जे पाहिल्यावर प्रत्येक कर्मचारी ‘जि’पुढे छोटा ‘या’ असेच लिहील आणि आपल्याला दर वेळी दुरुस्ती सांगत बसावे लागेल. ज्यांना तेवढी चिकाटी आहे त्यांनी उच्चार जपावा; बाकीच्यांनी जा-दा-बु लिहून मोकळे व्हावे.

तिसरी जागा छोट्या ‘त्सु’ची. पुढचे व्यंजन दुहेरी आहे हे दाखवण्यासाठी तो येतो. दत्ता, आप्पा यांसारख्या नावांत तो हवाच. अमित, रोहित यांसारख्या नावांत मात्र शेवटचा त ठसठशीत ऐकू यावा म्हणून जपानी लोक तो स्वतःहून घालतात: आ-मि-त्सु-तो, ज्यात ‘त्सु’ छोटा असतो. येथे तो न घेतलेला बरा, आणि त्याचे कारण पुढच्या भागात आहे.

बँकेच्या संगणकात काय होते

बँकांमधले हस्तांतरण ज्या साच्यात चालते, त्यात नाव अर्ध्या रुंदीच्या म्हणजे हांकाकु कानांत जाते. या साच्यात छोटी अक्षरे चालत नाहीत. छोटा ‘या’ मोठा होतो, छोटा ‘इ’ मोठा होतो, आणि छोटा ‘त्सु’सुद्धा मोठा होतो. म्हणून अमितचे नाव पासबुकात ‘आमित्सुतो’ असे वाचले जाते आणि पाटील यांचे ‘पातेइरु’, कारण ‘टि’ हा ‘ते’पुढे छोटा ‘इ’ लिहून होतो. ही चूक नसून रूपांतर आहे, त्यामुळे पासबुकातले मोठे अक्षर पाहून बँकेत धावत जाण्याचे कारण नाही. कंपनीची प्रणाली बहुतेक वेळा हे रूपांतर आपोआप करते. अडचण होते ती कोणी हाताने नोंद केली आणि छोटे अक्षर मोठे करण्याऐवजी सरळ गाळले तर. दीर्घ रेघेचेही तसेच आहे. या साच्यात तिच्या जागी संयोगचिन्ह जाते, आणि हाताने भरणाऱ्याकडून ते राहून जाण्याची शक्यता अधिक असते.

याच साच्यात अक्षरावरची टिंबे स्वतंत्र अक्षर म्हणून मोजली जातात, आणि नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाबरोबर वडिलांचे किंवा पतीचेही नाव असल्यामुळे ही मर्यादा आपल्याला लवकर भेटते. ‘देशपांडे सिद्धार्थ विनायक’ असे एक कल्पित नाव घेऊ. रेघांशिवाय ते दे-श्यु-पा-न-दे, शि-त्सु-दा-रु-तो, वि-ना-या-कु असे लिहिले, ‘वि’साठी टिंबांचा ‘उ’ आणि छोटा ‘इ’ धरला, तर टिंबे आणि दोन मोकळ्या जागा धरून २३ अक्षरे होतात. प्रत्येक दीर्घ स्वराला रेघ दिली की तेच २८ वर जाते. यापेक्षा लांब नाव असेल तर शेवट कापला जातो, आणि तो कोठे कापला जाईल हे प्रत्येक प्रणाली आपल्या परीने ठरवते. काही अर्जांत तर ३० चौकटीही नसतात. मधले नाव फुरिगानात द्यायचे की नाही हे खाते उघडतानाच विचारून घ्यावे, आणि जे ठरेल ते लेखा विभागाला लेखी कळवावे. ‘तीन शब्दांचे नाव आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. मोकळी जागा कोठे आहे हेही सांगावे लागते.

ऑनलाइन अर्ज ‘फक्त पूर्ण रुंदीचा कताकाना भरा’ असे सांगून नाव नाकारत राहतो, तेव्हा एक वेगळीच गोष्ट तपासावी. कताकानातले ‘का’ आणि ‘शक्ती’ या अर्थाचे कांजी, म्हणजे चिनी वळणाचे अर्थाक्षर, दिसायला जवळजवळ सारखे आहेत. ‘नि’ आणि ‘दोन’ या अर्थाचे कांजी, ‘रो’ आणि ‘तोंड’ या अर्थाचे कांजी, ‘ए’ आणि ‘कारागिरी’ या अर्थाचे कांजी यांचेही तेच. दीर्घ रेघ आणि ‘एक’ या अर्थाचे कांजी यांत डोळ्यांनी फरक करणे कठीण जाते. कुलकर्णी या पाच कानांच्या नावात ‘का’ आणि ‘नि’ असे दोन सापळे आहेत. नाव कोठून तरी चिकटवले असेल तर ते पुसून पुन्हा टंकित करावे. टंकताना ‘टि’साठी टी-एच-आय, ‘दि’साठी डी-एच-आय आणि ‘तु’साठी टी-डब्ल्यू-यू अशा कळा दाबाव्या लागतात, नुसते टी-आय दाबले तर ‘चि’ उमटतो, आणि ‘पाचिरु’ हे रूप बऱ्याचदा असेच जन्माला येते. छोटा ‘त्सु’ सुटा हवा असेल तर एक्स-टी-यू. अक्षरे उमटल्यावर, ती पक्की करण्याआधी, एफ-७ दाबल्यास पूर्ण रुंदीचा कताकाना आणि एफ-८ दाबल्यास अर्ध्या रुंदीचा मिळतो. नाव बरोबर असूनही अर्ज अडला, तर दोन शब्दांमधली मोकळी जागा पूर्ण रुंदीची आहे की अर्ध्या, हे पाहावे.

हाताने भरायच्या अर्जात ‘शि’ आणि ‘त्सु’, तसेच ‘न’ आणि ‘सो’ या जोड्या सांभाळाव्यात. ‘शि’ आणि ‘न’ यांत आखूड रेघा डाव्या बाजूला असतात आणि शेवटची रेघ खालून वर जाते. ‘त्सु’ आणि ‘सो’ यांत आखूड रेघा वरच्या बाजूला असतात आणि शेवटची रेघ वरून खाली येते. शिंदे यांच्या नावात ‘शि’ आणि ‘न’ लागोपाठ येत असल्याने त्यांनी या अक्षरांचा थोडा सराव करूनच खिडकीवर जावे.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

स्पेलिंग ठरवण्याची उत्तम वेळ पहिल्या अर्जाच्या आधीची आहे. पत्ता निश्चित झाल्यावर १४ दिवसांत वॉर्ड किंवा शहर कार्यालयात नोंद करावी लागते, आणि फुरिगाना विचारला जातो तो बहुधा तेथेच पहिल्यांदा. तो कागदावर लिहून न्यावा. तोंडी सांगू नये. कुटुंब सोबत असेल तर पती, पत्नी आणि मुले यांचे आडनाव एकाच रूपात द्यावे. एकाच घरात पा-टि-रु आणि पा-ऽ-टि-रु असे दोन प्रकार झाले की पाळणाघरापासून विम्यापर्यंत ‘तुम्ही एकाच कुटुंबातले ना?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही.

या रूपाला अधिकृत आधार हवा असेल तर शिक्क्याच्या नोंदणीचा मार्ग आहे. रहिवासी दाखल्याच्या, म्हणजे जुउमिनह्योच्या, शेऱ्याच्या रकान्यात नावाचे कताकाना रूप नोंदवून घेतले की त्या रूपाचा हांको, म्हणजे शिक्का, जित्सुइन (अधिकृत नोंदलेला शिक्का) म्हणून नोंदवता येतो. त्याचा ठसा बहुतेक ठिकाणी ८ मि.मी. पेक्षा मोठ्या आणि २५ मि.मी. पेक्षा लहान चौकोनात मावणारा असावा लागतो. घर किंवा गाडी घेण्याचा विचार नसला तरी हे करून ठेवावे, असे मी सुचवेन. ‘माझ्या नावाचे कताकाना हेच’ असे दाखवणारा सरकारी कागद मग हाताशी राहतो, आणि बँकेतली चर्चा पाच मिनिटांत संपते.

आधीच तीन-चार रूपे झाली असतील, तर बँकेतले रूप प्रमाण मानून बाकीची त्याप्रमाणे बदलावीत, मग ते रूप उच्चाराला थोडे कमी जवळचे का असेना. बँकेतले बदलायचे तर रेसिडेन्स कार्ड, पासबुक, कॅश कार्ड आणि खात्याला वापरलेला शिक्का घेऊन शाखेत जावे लागते, कार्ड नव्याने येईपर्यंत थांबावे लागते, आणि त्या खात्याला जोडलेले प्रत्येक बिल पुन्हा तपासावे लागते. बँकेतले रूप ‘सा-से’सारखे साफ चुकीचे असेल तरच हा खटाटोप करावा. त्यानंतर कंपनीला कळवावे, आणि पगाराबरोबर पेन्शन व रोजगार विम्यातली नोंदही बदलण्यास स्पष्ट सांगावे, कारण लेखा विभाग ती आपोआप बदलेलच असे नाही.

छोटे रूप घेण्याचा पर्याय कार्यालयीन कागदांना चालत नाही, पण लोकांसमोर वावरताना तो चालतो. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेल्या योगेंद्र पुराणिक यांनी उमेदवारीसाठी हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीतले ‘योगि’ हे दोन अक्षरांचे नाव घेतले होते. जपानमध्ये मतदार उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहितो, हे लक्षात घेतले तर त्यामागचा विचार सहज कळतो. व्हिजिटिंग कार्डावर असे रूप छापायला हरकत नाही. फुरिगानाच्या रकान्यात मात्र ते लिहू नये.

मूल जपानमध्ये जन्मले तर कताकानाला एकाएकी कायद्याचे वजन येते. जन्माची सूचना १४ दिवसांत द्यावी लागते, आणि त्या अर्जात बाळाचे व आईवडिलांचे नाव कताकानात लिहायचे असते. ती स्वीकारल्याच्या दाखल्यावरही तेच कताकाना छापून येते, आणि त्या दाखल्याचे भाषांतर पुढे बाळाच्या भारतीय पासपोर्टसाठी लागते. बाळाचे आणि वडिलांचे आडनाव त्यावर वेगवेगळ्या कानांत असेल, तर भाषांतरातही ते वेगळे उतरण्याचा धोका राहतो. ही सूचना देण्याआधी आईवडिलांनी आपली रहिवासी नोंद काढून, तिच्यातले रूप जसेच्या तसे उतरवावे.

कायमचे भारतात परतणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पेन्शनची नोंद एकदा पाहून घ्यावी. नोकरी बदलताना नवीन कंपनीने निराळा काना लिहिला असेल, तर दोन्ही काळांची नोंद एकाच पेन्शन क्रमांकाखाली आहे का, हे पेन्शन कार्यालयात विचारता येते. दात्ताइ-इचिजिकिन, म्हणजे भरलेल्या पेन्शनमधून मिळणारी एकरकमी परतफेड, जपानमधला पत्ता संपल्यापासून दोन वर्षांच्या आत मागावी लागते. पुण्यात किंवा नाशकात बसून टपालाने हा फरक निस्तरण्यापेक्षा, निघण्याच्या आधी अर्धा दिवस काढून पेन्शन कार्यालयात समक्ष जाणे बरे पडते.